वाचकांचे प्रश्न : अ‍ॅलन मूर आणि संगीत

प्रश्न : 'वॉचमेन' आणि 'व्ही फॉर व्हेन्डेटा' या कॉमिक्सचे लेखक अ‍ॅलन मूर यांनी संगीतातही काम केले आहे, असे ऐकले. ते कोणते, आणि ऐकण्यास सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मूर यांचा खर्जातला आवाज रूढ अर्थाने गाण्याचा नव्हे, परंतु नॉर्थहॅम्प्टन या त्यांच्या गावातील वादकांशी त्यांचा स्नेह जुना आहे. त्याच गावच्या 'बाउहाउस' या रॉक बँडचे बासवादक डेव्हिड जे यांच्यासोबत त्यांनी १९८३ मध्ये 'सिनिस्टर डक्स' या नावाने एक तबकडी काढली. बदके दिसतात तशी भोळी नसतात, असे बजावणारे ते गाणे गंमत म्हणून एकदा ऐकावे.

'व्ही फॉर व्हेन्डेटा'च्या दुसऱ्या भागाचा आरंभ मात्र आपण पुन्हा उघडून पाहावा. तेथे चित्रचौकटींसोबत पाश्चात्त्य स्वरलिपी छापलेली दिसेल. ती केवळ सजावट नव्हे. त्या गीताची चाल डेव्हिड जे यांनी खरोखरच बांधली होती आणि १९८४ मध्ये ते त्यांच्या ध्वनिमुद्रिकेतही आले.

आमच्या मते खरे महत्त्वाचे काम पुढचे. डेव्हिड जे आणि टिम पर्किन्स यांच्या संगीतावर मूर यांनी १९९५ साली, १८ नोव्हेंबरला, म्हणजे स्वतःच्या वाढदिवशी, न्यूकॅसलच्या जुन्या न्यायालयात 'द बर्थ कॉल' हे दीर्घ कथन सादर केले. जन्मतः बाळाच्या डोक्याला कधी कधी चिकटून येणारा पातळ पापुद्रा, ज्याला इंग्रजीत 'कॉल' (caul) म्हणतात, आईच्या मृत्यूनंतर तिच्या सामानात सापडला, हे त्याचे निमित्त. तेथून कथन तारुण्य, शाळा, बोबडे बोल असे उलटे सरकत गर्भापर्यंत पोहोचते, आणि भाषाही त्याबरोबर वयाने लहान होत जाते. पुढे १९९९ मध्ये एडी कॅम्पबेल यांनी त्याची चित्रकथा केली. एरवी मूर लिहितात आणि चित्रकार रेखाटतो. येथे आधी सादरीकरण झाले आणि चित्रे त्यामागून आली.

२०१० चे 'अनअर्थिंग' हे क्रुक अँड फ्लेल या जोडीच्या संगीतावरचे वाचन आहे. मूर यांना कॉमिक्सलेखनाचे धडे देणारे, नात्याने कोणी नसलेले त्यांचे आडनावबंधू स्टीव्ह मूर हा त्याचा विषय. ते बरेच लांब आहे, आणि संगीत काही ठिकाणी शब्दांवर कुरघोडी करते.

म्हणून सुरुवात 'द बर्थ कॉल'पासून करावी. कॅम्पबेल यांची चित्रकथा मिळाल्यास ती मात्र ऐकून झाल्यावरच उघडावी.