मॉरिसला डबल चेन घालू का?

प्रश्न : आजोबांची १९५८ सालची मॉरिस मायनर १००० आहे. सध्या इंजिन उघडलंय. रिबोअर झालं, क्रँक ग्राइंड होऊन आला. आधी गाडी स्लोवर असताना इंजिनाच्या पुढून खळखळ यायची. मिस्त्री म्हणतात, सिंगल टायमिंग चेन काढून इंग्लंडहून डबल चेनचा सेट मागवा, पिकअप वाढेल. मागवू का? आणि जुन्या कव्हरात बसेल ना?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मागवा. पण पिकअपसाठी नको.

पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात तो क्रँक, व्हॉल्व्ह उघडतो तो कॅम, आणि क्रँकवरून कॅमला फिरवते ती टायमिंग चेन. ती ताणली, असं आपण म्हणतो. लोखंड काही लांबत नाही, प्रत्येक कडीतली पिन आणि बुश झिजतात आणि तेवढी तेवढी ढिलाई साठत जाते. मग कॅम क्रँकच्या मागे राहतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतात. तुमच्या ९४८ सीसी इंजिनात प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटरही कॅमवरूनच फिरतो, म्हणजे ठिणगीही उशिरा. मिस्त्री डिस्ट्रिब्युटर जरा फिरवून ठिणगी जाग्यावर आणतात, व्हॉल्व्ह मात्र तसेच मागे. गाडी घाटात मलूल. नवी चेन पडली की जीव येतो आणि श्रेय डबल चेनला मिळतं. नव्या सिंगल चेननेही तेच झालं असतं!

तरी डबल घाला म्हणतो, कारण दोन ओळींत ओढ वाटली जाते, झीज सावकाश होते. याच घराण्यातल्या इंजिनाला मिनी कूपर एसमध्ये कंपनीनेच डबल चेन दिली होती. शिवाय इंजिन आज उघडं आहे. नंतर हेच करायचं तर रेडिएटर, पुली, कव्हर सगळं उतरवत बसा. दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चाकं, सेटमधलीच वापरा. सिंगल ठेवायचं ठरलंच, तर जुन्या झिजलेल्या दात्यांवर नवी चेन चढवू नका, लवकर खराब होते.

खरी मेख इंजिनाच्या पुढच्या प्लेटवर, चेनच्या मागे आहे. तिथले दोन बोल्ट रुंद चेनच्या आड येतात. त्यांच्या जागी चपट्या डोक्याचे काउंटरसंक स्क्रू लागतात आणि प्लेटच्या भोकांना तशी खोलगट कड काढावी लागते. उद्यमनगरात हे काम कुणीही करून देईल, पण प्लेट सुटी करून न्या. बसवलेल्या इंजिनावर ड्रिल धरला तर लोखंडाचा कीस सरळ नव्या बेअरिंगांत. स्क्रू कसल्यावर वरून स्टीलची पट्टी सरकवा. कुठे अडकली तर डोकं अजून वर आहे.

दुसरी गोष्ट घाईत हमखास राहते. चेन न घालता दोन्ही स्प्रॉकेट बसवा आणि पट्टी दोन्हींच्या बाजूला टेकवून धरा. क्रँककडे फट दिसली तर फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा आणि क्रँकच्या स्प्रॉकेटमागे तेवढ्या जाडीचे शिम, म्हणजे पातळ चकत्या, घाला. शिम आत जायला क्रँकवरच्या चाव्या (स्प्रॉकेट जागच्या जागी धरणारे लोखंडी तुकडे) काढाव्या लागतात, म्हणून लोक हे टाळतात. स्प्रॉकेट एका रेषेत नसतील तर डबल चेनसुद्धा एका बाजूने झिजते.

मग दोन्ही स्प्रॉकेटांवरचे खुणेचे ठिपके समोरासमोर आणून चेन घाला. क्रँक हाताने पूर्ण दोन वेळा फिरवा, ठिपके पुन्हा भेटले पाहिजेत. कॅमच्या नटाखालचं लॉक वॉशर नवंच घ्या, त्याचे चार पैसे वाचवू नका.

आवाजाचं आधीच सांगून ठेवतो. मूळच्या कॅम स्प्रॉकेटला दोन्ही अंगांनी रबरी कड्या असतात, त्या चेनला दाबून धरतात. डबलला त्या नसतात, म्हणून बारीक घरघर येईल. ती चालू द्या. खळखळ आली तर उघडून बघा.

राहिलं कव्हर. बहुतेक वेळा बसतं, तरी आतून मुलांची खेळायची क्ले चिकटवा, गॅस्केटसकट लावून हाताने क्रँक फिरवा. क्लेवर चेनचे वळ उठले तर तिथे जागा करून घ्या. आतली तेल उडवणारी चकती विसरू नका, तिच्यावरचं ‘एफ’ अक्षर बाहेरच्या, म्हणजे रेडिएटरच्या बाजूला. कव्हरचे बोल्ट आधी ढिलेच ठेवा. पुलीच्या दांड्याला तेल लावून ती कव्हरातल्या तेल अडवणाऱ्या सीलमधून आत सरकवा, कव्हर आपोआप मध्यावर येईल, मग बोल्ट कसा. उलट क्रमाने केलंत तर सील एका बाजूला दबेल आणि तेल गळेल.