कोठडीत मृत्यू, कागदावर ‘नैसर्गिक’

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय २६) चोरीच्या आरोपावरून आठ महिने न्यायालयीन कोठडीत होता. खटला सुरूच झाला नव्हता. ५० जणांच्या बराकीत १४० माणसे होती आणि रात्री आळीपाळीने झोपावे लागे, असे तो सांगायचा. शेवटचे दोन महिने त्याला खोकला आणि ताप होता. मुलाकातीला काचेपलीकडे उभा राहायचा तेव्हा शर्ट अंगावर लोंबताना दिसायचा. ‘गोळ्या देतात, पण मोठ्या रुग्णालयात न्यायला गार्ड मिळत नाही म्हणतात,’ हेच तो दर वेळी सांगे. एके दिवशी पहाटे त्याला रुग्णालयात दाखल केल्याचा फोन आला आणि दुपारी तो गेला. कारण फुफ्फुसाचा क्षय, मृत्यू नैसर्गिक, असे आम्हाला सांगण्यात आले. ‘आमचा कोणावरही संशय नाही, तक्रार नाही’ अशा जबाबावर माझी सही घेतली. अंत्यसंस्कार होऊन १२ दिवस झाले. त्याच्या बराकीतून सुटून आलेला एक मुलगा सांगतो की, शेवटच्या रात्री सगळ्यांनी दारावर ताटल्या आपटून हाका मारल्या, पण सकाळपर्यंत कोणी आले नाही. भावाच्या शेजारी झोपणारा दुसरा मुलगाही आता तसाच खोकतो आहे, असेही तो म्हणाला. सही केल्यानंतर आता काही करता येईल का?

उत्तर : ताई, तुमच्या भावाच्या जाण्याचे मला अतिशय दुःख आहे. तुम्ही पत्र लिहिण्यास उशीर केलेला नाही. मात्र पुढच्या दोन-तीन आठवड्यांत काही गोष्टी केल्या नाहीत, तर नंतर त्या करून उपयोग होणार नाही, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

आधी त्या सहीबद्दल, कारण तिचेच ओझे तुमच्या मनावर जास्त दिसते. मृतदेह ताब्यात मिळावा म्हणून रुग्णालयाच्या दारात दुःखाच्या भरात दिलेल्या अशा जबाबाने तुमचा कोणताही हक्क संपत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताचा हक्क सही करून सोडून देता येत नाही. मूलभूत हक्कांवर पाणी सोडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या बशेशर नाथ आणि १९८५ च्या ऑल्गा टेलिस या निकालांत सांगितले आहे. शिवाय कोठडीतील मृत्यूची चौकशी नातेवाइकांच्या तक्रारीवर अवलंबून नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९६, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७६, असे सांगते की पोलिसांच्या किंवा न्यायालयाने अधिकृत केलेल्या कोणत्याही कोठडीत व्यक्तीचा मृत्यू झाला, तर पोलिसांच्या तपासाखेरीज न्यायदंडाधिकाऱ्यांनी स्वतः चौकशी करावयाची आहे. तुमचा भाऊ न्यायालयाच्या आदेशाने आत होता, त्यामुळे ही तरतूद त्याला लागू होते. तुमची तक्रार असो वा नसो, ही चौकशी व्हायलाच हवी.

आता ‘नैसर्गिक’ या शब्दाबद्दल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशभरातील कारागृहांत १,९९५ बंद्यांचा मृत्यू झाला आणि त्यातील १,७७३ मृत्यू नैसर्गिक या रकान्यात गेले. त्या वर्षअखेरीस ४,३६,२६६ इतक्या क्षमतेच्या कारागृहांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतील चारांपैकी तिघे तुमच्या भावासारखे कच्चे कैदी, म्हणजे अजून दोषी न ठरलेले लोक होते. वेळेवर किंवा योग्य उपचार न मिळाल्याने बंदी दगावला तर तो मृत्यू नैसर्गिक मानायचा की अनैसर्गिक, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानेच १५ सप्टेंबर २०१७ रोजी देशातील १,३८२ कारागृहांतील अमानवी परिस्थितीविषयीच्या निकालात विचारला होता. तुमच्या अर्जाची पहिली ओळ याच प्रश्नाने सुरू व्हावी, असे मला वाटते.

फुफ्फुसाचा क्षय एका रात्रीत माणसाला नेत नाही. तो आठवडे, महिने अंगात असतो. खोकला, ताप आणि घटलेले वजन ही त्याची उघड चिन्हे आहेत. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या माणसाची क्षयासाठी तपासणी करावी, ही या देशाच्या क्षयरोग कार्यक्रमाची साधी, जुनी शिस्त आहे. ज्या बराकीत माणसाच्या तोंडाशी माणसाचे तोंड येते, तिथे तर ही तपासणी अधिकच निकडीची ठरते. त्यामुळे त्यांनी दिलेले मृत्यूचे कारण तुमच्या विरोधात जात नाही. उलट ‘क्षयाने गेला’ असे म्हणताना तो आजार दोन महिने डोळ्यांसमोर होता, हेही ते मान्य करतात. मग थुंकीची तपासणी कोणत्या तारखेला झाली आणि क्ष-किरण चित्र कोणत्या तारखेला काढले, याचे उत्तर त्यांना द्यावे लागेल. तुमच्या सगळ्या प्रकरणाचा कणा या तारखा आहेत.

या तारखा सापडतील असा कागद आहे. १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या कलम १५ ने कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यावर असे बंधन घातले की, बंदी मरण पावताच एका नोंदवहीत ठरावीक तपशील लिहून ठेवावेत. त्याने आजाराची तक्रार पहिल्यांदा कधी केली किंवा तो आजारी कधी दिसला, वैद्यकीय अधिकाऱ्याला ते प्रथम कधी कळले, रुग्णालयात कधी दाखल केले, मृत्यूपूर्वी त्याला वैद्यकीय कर्मचाऱ्याने शेवटचे कधी पाहिले आणि तो कधी गेला, हे सारे त्यात येते. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या परकी राजवटीनेही या प्रश्नांची उत्तरे लेखी असावीत, असे ठरवले होते. ही नोंद, कारागृहात प्रवेश देताना झालेल्या वैद्यकीय तपासणीचा कागद (त्यावरचे वजन आवर्जून पाहा), कारागृह दवाखान्याची बाह्यरुग्ण नोंदवही, भावाचे हिस्ट्री तिकीट (कारागृहातील त्याचे वैयक्तिक नोंदपत्रक) आणि पोलीस गार्ड मागितल्याची पत्रे, हे सगळे नाव घेऊन मागा. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ अशा मोघम अर्जाला उत्तरही मोघमच येते. माझ्या वकिलीतील एका प्रकरणात दवाखान्याच्या नोंदवहीचे एक पान आम्हाला मिळाले; त्यावर चाळीसेक नावांपुढे एकाच हस्ताक्षरात एकच गोळी लिहिली होती, आणि तपासणीचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. त्या पानावर मला फार युक्तिवाद करावा लागला नाही.

गार्ड मिळाला नाही, हे उत्तर कारागृह देईल आणि पोलीस मनुष्यबळ नसल्याचे सांगतील. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, परंतु त्या शासनाच्या दोन विभागांमधल्या आहेत. तुमच्या भावाच्या जीविताची जबाबदारी एकट्या शासनाची होती. जागा अपुरी होती, हा बचावही तसाच आहे. सुरक्षितपणे ठेवता येतील त्यापेक्षा बंदी जास्त झाले आणि त्यांना दुसऱ्या कारागृहात हलवणे शक्य नसले, तर जादा बंद्यांसाठी तात्पुरत्या निवाऱ्याची सोय करावी, असे त्याच १८९४ च्या कायद्याच्या कलम ७ ने सांगितले. गर्दी ही अचानक कोसळलेली आपत्ती नव्हती.

या आठवड्यात तीन अर्ज द्या. पहिला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे : कलम १९६ खालील चौकशी सुरू झाली आहे का, ती कोणापुढे आहे, आणि मला हजर राहू द्यावे, अशी विनंती करा. जवळच्या नातेवाइकांना शक्य तेथे कळवावे आणि चौकशीला उपस्थित राहू द्यावे, असे कलमातच आहे. तहसीलदारांनी चौकशी केली असे उत्तर आले तर तेवढ्यावर समाधान मानू नका; तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारी, न्यायदंडाधिकारी वेगळे, आणि कोठडीतील मृत्यूची ही चौकशी २००६ पासून कायद्याने न्यायदंडाधिकाऱ्यांकडे आहे. दुसरा अर्ज कारागृह अधीक्षकांना, ज्याची प्रत त्याच न्यायदंडाधिकाऱ्यांना द्यावी : शेवटच्या रात्रीचे बराकीच्या आवारातील आणि मुख्य दरवाजावरील सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे. चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून हा अर्ज उद्याच द्या. तिसरा अर्ज रुग्णालयाकडे : शवविच्छेदन अहवाल, इन्क्वेस्ट (मरणोत्तर) पंचनामा, दाखल करतेवेळचा केसपेपर आणि व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला असल्यास त्याची नोंद मागा. कोठडीतील मृत्यूच्या शवविच्छेदनाचे चित्रीकरण करावे, अशी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची १९९५ पासूनची सूचना आहे. त्या चित्रफितीची प्रतही मागा. अंत्यसंस्कार झाल्यामुळे दुसरे शवविच्छेदन आता शक्य नाही, म्हणून या कागदांचे मोल अधिक आहे. माहिती अधिकाराचा अर्जही टाका, पण त्याला ३० दिवस लागतात, तेव्हा केवळ त्यावर विसंबू नका. प्रत्येक अर्जाच्या आपल्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

भाऊ तारखेला न्यायालयात हजर केला गेला असेल, तर त्या तारखांच्या रोजनाम्याच्या (न्यायालयाच्या कामकाजाच्या दैनंदिन नोंदीच्या) प्रमाणित प्रती काढून घ्या. आजारपणाबद्दल तो किंवा त्याचे वकील काही बोलले असतील तर ते तिथे असेल; दृक्‌श्राव्य माध्यमातून त्याची हजेरी घेतली असेल किंवा हजरच केले नसेल, तर तेही कळेल. तुम्ही कोणत्या तारखांना मुलाकात घेतली आणि तो काय म्हणाला, हे आठवते आहे तोवर वहीत लिहून काढा. त्या लोंबणाऱ्या शर्टाचाही उल्लेख करा.

सुटून आलेल्या मुलाच्या बाबतीत मी तुम्हाला सांभाळून पावले टाकायला सांगेन. त्याचा स्वतःचा खटला चालू असेल तर त्याला भीती वाटणे साहजिक आहे. त्याच्यावर दबाव आणू नका आणि त्याचे बोलणे मोबाइलवर टिपून इकडे-तिकडे पाठवू नका. तो तयार असेल तर त्याने आधी स्वतःच्या वकिलाशी बोलावे. मग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे त्याचा जबाब नोंदवण्याची मागणी करता येते. अजून आत असलेल्यांची नावे तुमच्या कोणत्याही अर्जात घालू नका. त्या बराकीत त्या रात्री असलेल्या सर्व बंद्यांचे जबाब घ्यावेत, एवढेच लिहा. यादी कारागृहाच्या गिनतीच्या नोंदवहीत असतेच, आणि सर्वांना विचारले म्हणजे कोणा एकावर रोष येत नाही.

पुढचा टप्पा उच्च न्यायालयाचा. चौकशीचा अहवाल आल्यावर पुढे कोणी काय करायचे, याबाबत कायदा पुरेसा स्पष्ट नाही आणि अनेक अहवाल कपाटात राहतात, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत न्यायालयीन कोठडीत गेलेल्या एका तरुणाच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे दार ठोठावले, तेव्हा खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि राज्य शासनाचे आव्हान सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात फेटाळले. ते प्रकरण पोलिसांच्या मारहाणीच्या आरोपाचे होते, तुमचे हेळसांडीचे आहे. हा फरक मोठा आहे आणि फौजदारी बाजूने तुमचा रस्ता अधिक अवघड आहे, कारण निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा (भारतीय न्याय संहिता, कलम १०६) नेमक्या व्यक्तीवर सिद्ध करावा लागतो.

भरपाईचे तसे नाही. तिथे शासन जबाबदार धरले जाते. १९९३ च्या नीलाबती बेहरा प्रकरणाची सुरुवात ओडिशातील एका आईने सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्राने झाली. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले, तिच्या २२ वर्षांच्या मुलाच्या कोठडीतील मृत्यूबद्दल दीड लाख रुपये देण्यास सांगितले आणि मूलभूत हक्कांच्या भंगापुढे शासनाच्या सार्वभौम संरक्षणाचा, म्हणजे सत्ता म्हणून केलेल्या कामासाठी आपल्यावर दावा चालत नाही असा, बचाव चालत नाही, असे स्पष्ट केले. अनुच्छेद २२६ खालील, म्हणजे थेट उच्च न्यायालयात करायची तुमची याचिका याच पायावर उभी राहील. महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये स्वीकारलेल्या धोरणानुसार वैद्यकीय निष्काळजीपणामुळे बंद्याचा मृत्यू झाल्यास वारसांना पाच लाख रुपये मिळू शकतात, परंतु दीर्घ आजाराने आलेला नैसर्गिक मृत्यू त्यातून वगळला आहे. ‘नैसर्गिक’ हा शब्द आव्हान न देता राहू देणे किती महागात पडते, ते इथे दिसते. ही रक्कम घेतली तरी न्यायालयात जास्त मागता येते. मात्र ‘यापुढे दावा नाही’ अशा मजकुरावर या वेळी सही करू नका. दिवाणी दावा लावायचा झाल्यास प्राणघातक अपघात कायद्याखाली मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षांची मुदत आहे.

मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायला वर्षभराची मुदत आहे. राष्ट्रीय आणि राज्य अशा दोन्ही आयोगांकडे एकदम जाऊ नका. एकाकडे प्रकरण असले की दुसरा ते हाताळत नाही. खर्चाची चिंता असेल तर स्त्री म्हणून तुम्हाला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

पत्राच्या शेवटी तुम्ही शेजारी झोपणाऱ्या मुलाचा उल्लेख केला आहे. बाकी सगळ्याच्या आधी, आजच, एक चौथा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे आणि प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे द्या. त्यात त्याचे नाव लिहू नका. या बराकीतील एक बंदी क्षयाने मरण पावला आहे, त्याच्यासोबत राहिलेल्या प्रत्येकाची थुंकी व छातीची तपासणी तातडीने करावी आणि त्याचा अहवाल मागवावा, एवढेच लिहा. सोबत भावाच्या मृत्यूच्या कारणाचा कागद जोडा.