गुळवेलीचा डबा आणि लेकीचे रिपोर्ट

ताई, नमस्कार. आम्ही वीस वर्षं इंग्लंडात, स्लाउला राहतो. मुलगी 22 वर्षांची, शेफील्डला शिकते. जानेवारीपासून ती सारखी थकलेली असायची, सांधे दुखायचे. आम्हाला वाटलं, परीक्षेचा ताण. मार्चमध्ये तिच्याबरोबर राहणारी मैत्रीण म्हणाली, तुझे डोळे पिवळे दिसताहेत. रक्त तपासलं, दुसऱ्या दिवशी ॲडमिटच करून घेतलं. बायोप्सी झाली. निदान: ऑटोइम्यून हिपॅटायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते. आता प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी चालू आहे, दुसरी एक गोळी सुरू करणार आहेत.

चेहरा सुजलाय म्हणून ती व्हिडिओ कॉल घेत नाही. रिपोर्ट मागितले की "आई, मी बघते गं," एवढंच. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, तिच्या परवानगीशिवाय आम्हाला बोलता येत नाही. अहो, मी तिची आई आहे! मंडळात मी "रक्त कमी झालंय" असं सांगून ठेवलंय, कारण लिव्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बाटलीच येते. नात्यातून एक चांगलं स्थळ चालून आलंय, त्यांना काय सांगू? सासूबाईंनी साताऱ्याहून गुळवेलीचं सत्त्व आणि काढा पाठवलाय, ओळखीचे एक जण शुक्रवारी घेऊन येताहेत. ते द्यायला हरकत नाही ना? (दिवाळीतही त्यांनी गुळवेलीचं चूर्ण दिलं होतं. इम्युनिटीसाठी म्हणून मीच मागे लागून ते तिला दोन महिने घ्यायला लावलं. त्यानं काही झालं नसेल ना?) तिला घरी घेऊन यावं का?

– एक आई, स्लाउ

ताई,

आधी पार्सल. हरकत आहे. सत्त्व नको, काढा नको, आणि "थोडंसं घेऊन बघ" हेही नको.

गुळवेल म्हणजे आपल्या परसातलं औषध. तापात आजीनं पाजलेल्या काढ्याचा कडूपणा माझ्याही जिभेवर अजून आहे, त्यामुळे हे लिहिताना मला काही आनंद होत नाही. पण कोविडच्या दिवसांत घरोघरी गुळवेल सुरू झाली, आणि 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची माहिती छापली. गुळवेल घेतल्यानंतर या सगळ्यांच्या यकृताला इजा झाली होती. पुढच्याच वर्षी भारतातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून अशा 43 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या बऱ्याच जणांमध्ये दिसलेलं चित्र ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं होतं. आयुष मंत्रालयाला हे निष्कर्ष मान्य झाले नाहीत. गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल, असं त्यांचं म्हणणं. तो वाद तज्ज्ञ मिटवतील. पण शरीराची प्रतिकारशक्तीच जिच्या यकृतावर उलटली आहे, आणि ती आवरायला जिला गोळ्या चालू आहेत, तिला प्रतिकारशक्ती "वाढवणारं" काही द्यायचं नाही, एवढं कळायला वाद मिटायची वाट बघावी लागत नाही.

इथल्या दुकानांत मिळणाऱ्या हळदीच्या कॅप्सूलही त्यातच आल्या. काळ्या मिरीचा अर्क घातलेल्या अशा गोळ्यांनी यकृत बिघडल्याच्या नोंदी अमेरिकेत आणि इटलीत झाल्या आहेत. फोडणीतली हळद निराळी, ती खुशाल घाला.

आता तुमच्या कंसाकडे येते. मी सव्वीस वर्षं इथल्या रुग्णालयांत समाजसेविका होते. तिथे एक शिकले, की माणसाला खरं जे विचारायचं असतं ते तो दारातून बाहेर पडता पडता विचारतो. पत्रात ते कंसात येतं. बाकीचे सगळे प्रश्न तुम्ही उघड विचारलेत, हा एकच झाकून.

त्यानं झालं का? मला सांगता येणार नाही, कदाचित तिच्या डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. हा आजार कुठलंही चूर्ण न घेता होतो. बायकांमध्ये जास्त दिसतो, कुठल्याही वयात होतो, आणि का होतो याचं सरळ उत्तर बहुतेकांना कधीच मिळत नाही. पण ते दोन महिने डॉक्टरांना माहीत असायलाच हवेत, आणि ते केवळ तुमच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून नव्हे. औषधानं चेतलेला असा हिपॅटायटिस कधी कधी स्टेरॉइड थांबवल्यावर परत येत नाही. मूळचा ऑटोइम्यून हिपॅटायटिस असेल, तर गोळ्या थांबवल्यावर तो बहुतेकांत उलटतो, म्हणून उपचार वर्षानुवर्षं, पुष्कळदा जन्मभर चालतात. म्हणजे गोळ्या किती काळ घ्यायच्या, हे ठरवताना तुमच्या स्वयंपाकघरातल्या त्या डब्याचाही विचार व्हायला हवा.

तिनं सांगितलं असेल का डॉक्टरांना? इथले डॉक्टर "कुठली औषधं घेता?" असं विचारतात, तेव्हा आपल्या मुलांना आईनं दिलेलं चूर्ण आठवतच नाही. ते त्यांच्या लेखी औषध नसतं, आईची कटकट असते.

तेव्हा तिच्याकडे रिपोर्ट मागण्याआधी तुमच्याकडचा हा रिपोर्ट तिला द्या. फोनवर नको, समोर बसून. "मी तुला दोन महिने गुळवेल दिली होती, कदाचित संबंध असेल, कदाचित नसेल, पण तुझ्या डॉक्टरांना सांग. डब्याचा फोटो देते." एवढंच बोला. "मला माफ कर" म्हणून रडू नका. रडलात तर ती तुम्हाला समजावत बसेल आणि तिचं सांगायचं राहून जाईल. ती चिडली तर चिडू द्या.

डॉक्टर तुमच्याशी बोलले नाहीत, यात त्यांचं काही चुकलं नाही. ती सज्ञान आहे. साताऱ्यात डॉक्टर पेशंटला बाहेर बसवून वडिलांना आत बोलावतात, इथे तसं होत नाही. तिनं परवानगी दिली तर तुम्ही तपासणीला बरोबर जाऊ शकता. तिनं बोलावलं आणि गेलात, तर वही न्या आणि लिहून घ्या. प्रश्न तिला विचारू द्या. हो, अवघड आहे, मी स्वतः माझ्या लेकाच्या वेळी तीन मिनिटंसुद्धा गप्प बसू शकले नव्हते.

विचारण्याजोगे प्रश्न मात्र आधी बसून दोघींनी काढा. पहिला: ती दुसरी गोळी ॲझाथायोप्रिन आहे का? याच आजारात ती सहसा देतात. ती सुरू करण्याआधी इथे टीपीएमटी नावाची तपासणी करतात, कारण काही लोकांच्या शरीरात हे औषध नीट मोडलं जात नाही आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक इतक्या घटतात. पण आपल्यासारख्या आशियाई लोकांत याच त्रासाशी निगडित आणखी एक जनुक महत्त्वाचं आहे, एनयूडीटी 15. युरोपीय वंशाच्या लोकांत त्यातले दोष कमी सापडतात, म्हणून ती तपासणी आपणहून होईलच असं नाही. "माझी पार्श्वभूमी भारतीय आहे, हीसुद्धा तपासणी करता येईल का?" असं तिनं विचारावं. दुसरा: बायोप्सीत यकृतात जुन्या इजेचे व्रण किती दिसले? निदान होतं तेव्हा मोठ्या माणसांतल्या साधारण एक तृतीयांश जणांत सिरोसिस झालेला असतो, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झालेलं असतं. तिला असेलच असं मुळीच नाही, पण माहीत असलेलं बरं. तिसरा हाडांचा. स्टेरॉइडनं हाडं विरळ होतात, आणि इथल्या उन्हात आपल्या लोकांत ड जीवनसत्त्व बहुधा कमीच असतं.

आणि प्रेडनिसोलोन मनानं बंद करायचं नाही. चेहऱ्याला कंटाळून मुली ते गुपचूप सोडतात, मी पाहिलंय. काही आठवडे ही गोळी घेतली की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, मग एकदम सोडली तर माणूस कोसळू शकतो. इथे त्यासाठी पाकिटात ठेवायचं स्टेरॉइड इमर्जन्सी कार्ड मिळतं. तिच्याकडे आहे ना, ते बघा. गोलसर चेहरा, मुरुमं, अनावर भूक, रात्री तीन वाजता टक्क जाग, उगीच चिडणं हे पुष्कळसं त्या गोळीचं आहे आणि डोस उतरेल तसं तेही उतरतं. तेव्हा ती तुमच्यावर ओरडते त्यातलं थोडं गोळीच्या खात्यावर टाका. सगळं नको. व्हिडिओ नको म्हणते ना, मग साधा फोन करा, आपल्या आयांचं काय अडलं होतं व्हिडिओवाचून?

पण ही गोळी आहे म्हणून ती आज रुग्णालयाबाहेर आहे, हेही खरं. 1971 मध्ये लंडनच्याच रॉयल फ्री रुग्णालयातून शीला शेरलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की या आजारात स्टेरॉइड घेणारे रुग्ण न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात. त्याआधी तरुण मुली यात काही वर्षांत जायच्या. आज उपचार लागू पडला, आणि तो बहुतेकांना पडतो, तर आयुष्य जवळपास इतरांइतकंच असतं.

मंडळाचं म्हणाल तर तुमची अडचण मला पुरती समजते. गंमत बघा, खाटकाकडे काळीज मागितलं तर तो यकृतच देतो. आपल्या भाषेत माया, धैर्य, दुःख सगळं या अवयवात राहतं, आणि त्याचाच आजार झाला की विचारतात, "पीत होती का?" शिवाय हिपॅटायटिस शब्द ऐकला की दुसरी शंका: लागण होईल का? होत नाही. हिपॅटायटिस म्हणजे यकृताची सूज, बस. विषाणूनं होणारी ए, बी, सी ही वेगळी भावंडं. हिच्या ताटातलं खाल्लं तरी काही होणार नाही.

पण "रक्त कमी झालंय" हे ठरवायचा अधिकार तुमचा नव्हता. आता गणपतीत कुणी तिला बीट खायला सांगेल, आणि आईनं काय सांगितलंय हे तिला त्या क्षणी ओळखून घ्यावं लागेल. आजार तिचा, बातमीही तिची. तिलाच विचारा, कुणाला काय सांगू? "कुणालाच काही नको" म्हणाली, तर लोकांना सांगा, "तब्येतीचं चाललंय तिचं, ती सांगेल." इतकं पुरतं. लोक दोन दिवस कुजबुजतात, मग कुणाचं तरी घर विकायला निघतं.

स्थळाला सध्या काहीच सांगू नका, कारण सध्या स्थळच नको. मुलीचे डोळे आत्ता कुठे पांढरे होताहेत! पुढे तिनं जमवलं किंवा तुम्ही सुचवलं, तर लग्न ठरण्याआधी तिनं स्वतः त्या मुलाला सांगावं. लपवून केलेल्या लग्नात औषधांचा डबासुद्धा लपवावा लागतो. मूल होईल का, ही शंका तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असणारच. आजार आटोक्यात असलेल्या अनेक जणी सुखरूप बाळंत होतात आणि ॲझाथायोप्रिन सहसा गरोदरपणातही चालू ठेवतात. मायकोफेनोलेट नावाचं दुसरं औषध मात्र तेव्हा चालत नाही, म्हणून विचार डॉक्टरांना आधी कळवायचा.

घरी आणावं का? ती म्हणाली तर. आजारपणामुळे परीक्षा पुढे ढकलणं, मुदत वाढवून घेणं यासाठी विद्यापीठात वेगळा विभाग असतो, आणि वर्षभराहून जास्त टिकणाऱ्या अशा आजाराला 2010 च्या समानता कायद्याचं संरक्षण मिळू शकतं. "डिसेबिलिटी" या शब्दानं तुम्ही दचकाल. दचकू नका, अर्ज भरायला मदत करा. इंग्लंडमध्ये या आजाराला औषधं फुकट नाहीत, पण आगाऊ पैसे भरून प्रीपेमेंट सर्टिफिकेट काढलं की दर औषधामागे वेगळे पैसे जात नाहीत. ब्रिटिश लिव्हर ट्रस्टची हेल्पलाइन आहे, तिथे तुम्हीसुद्धा फोन करू शकता. आईंना कुठे बोलायला मिळतं नाही तरी?

भारतात जाणं आत्ता नकोच, पुढे जाल तेव्हा निघण्याच्या दोन-तीन महिने आधी लसींचं विचारा. हिपॅटायटिस ए आणि टायफॉइडचं इंजेक्शन चालतं, पण जिवंत जंतूंच्या लसी, म्हणजे टायफॉइडच्या तोंडी घ्यायच्या कॅप्सूलसुद्धा, या गोळ्यांवर चालत नाहीत. पावसाळा टाळा. 2012 मध्ये इचलकरंजीत पाण्यातून पसरलेली कावीळ तुमच्या सासूबाईंना आठवत असेल. तो हिपॅटायटिस ई होता, आणि आधीच आजारी असलेल्या यकृताला तो फार महागात पडू शकतो. औषधं हातातल्या बॅगेत, विम्याला आजार सांगितलेला.

सासूबाईंना मात्र "तुमच्या काढ्यानं झालं" असं सांगू नका. ते कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि ऐंशीच्या घरातल्या बाईला ते पेलवणारही नाही. "डॉक्टरांनी दुसरं कुठलंही औषध बंद सांगितलंय" म्हणा, ते खरंच असेल. त्यांचे हात रिकामे राहिले तर त्या दुसरा वैद्य शोधतील, म्हणून काम द्या. नातीला मेतकूट आवडतं का? नाचणीचं पीठ? गोळीच्या भुकेला रात्री नाचणीची आंबील कधीही बरी, बिस्किटांपेक्षा.

आणि ते शुक्रवारी येणारे गृहस्थ अजून बॅग भरत असतील. त्यांना आजच फोन करा, डबा काढून ठेवायला सांगा. मेतकुटाला जागा होईल.