आचाऱ्यांचे आचार्य का होतात?

प्रश्न : आमच्या गटाने जुने-नवे मराठी लेख टाइप करून घेतले आहेत. त्यांतून आधी शब्दांची वारंवारता आणि मग इंग्रजी भाषांतरासाठी वाक्यजोड्या काढायच्या आहेत. पण यादीत ‘तऱ्हा’ दोनदा येतो, ‘ॲसिड’ तीनदा. सफाईची स्क्रिप्ट चालवली तर ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ झाले. चूक कुठे आहे?

उत्तर : टाइप करणाऱ्यांचा दोष नाही. ‘ऱ्ह’ दोन प्रकारे लिहिता येतो आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एकात ऱ (युनिकोड या अक्षरसंकेतप्रणालीतला क्रमांक ०९३१) आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र (०९३०), हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारे जोडचिन्ह. सफाईच्या अनेक स्क्रिप्ट ही अदृश्य चिन्हे कचरा समजून पुसतात. ते पुसले की रफार होतो आणि स्वयंपाक्यांच्या जागी गुरुजन येतात; डोंगरातल्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ होतात. म्हणून आधी ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’ हा क्रम सगळीकडे ‘ऱ, हलन्त’ असा बदला, मगच उरलेली चिन्हे काढा. हिंदीसाठी लिहिलेली नुक्ता (अक्षराखालचे टिंब) काढणारी पायरी मात्र वापरू नका: एनएफडी या अक्षराचे भाग सुटे ठेवणाऱ्या युनिकोड रूपात ऱ म्हणजे र अधिक नुक्ता, तोही जाईल आणि ऱचा र होईल. मजकूर एनएफसी, म्हणजे भाग जोडलेल्या, रूपातच ठेवा.

‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीच्या फायलींत ‘अ’ला वेगळा ॅ जोडलेला सापडतो, किंवा हिंदी कळफलकावरचा ऍ. एनएफसी यांना एकत्र करत नाही. स्वतःच नियम लिहून सगळे ‘ॲ’च्या ०९७२ या क्रमांकावर आणा. ‘दु:ख’मध्ये विसर्गाऐवजी अपूर्णविराम असतो. दोन्ही बाजूंना देवनागरी अक्षर असेल तिथेच तो बदला, आणि बदललेल्या शब्दांची यादी डोळ्यांखालून घाला, कारण ‘विषय:गणित’सारखे जोडून टाइप केलेलेही त्यात अडकते.

१९६२च्या लेखननियमांआधीचा मजकूर फार जपून हाताळा. तेव्हाचे ‘घरांत’ म्हणजे आजचे ‘घरात’. आजच्या लेखनात ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांमध्ये. मूळ रूप तसेच ठेवा, आजचे रूप शेजारच्या रकान्यात द्या आणि प्रत्येक लेखासमोर प्रकाशनवर्ष नोंदवाच. वर्ष नसेल तर हे एकवचन की अनेकवचन, ते यंत्राला कळणार नाही.

प्रश्न : वाक्यजोड्या मध्येच एका ओळीने सरकतात. काय करावे?

उत्तर : पहिली चुकलेली जोडी शोधा. तिथे बहुधा ‘डॉ.’, ‘रु.’, ‘उदा.’ किंवा नावाची आद्याक्षरे असतील. त्यांच्या टिंबाला वाक्याचा शेवट समजले गेले. अशा संक्षेपांची यादी वाक्ये तोडणाऱ्या प्रोग्रामला द्या आणि जुळणी परिच्छेदवार करा, म्हणजे चूक त्या परिच्छेदापुरतीच राहील. चाचणीसाठी सुटी वाक्ये न उचलता पूर्ण लेख बाजूला ठेवा, तेही आधी पुनरावृत्ती काढून. यंत्रभाषांतर तपासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फ्लोरेस संचातल्या चाचणीच्या १,०१२ वाक्यांशीही ताडून पाहा. त्यांतले एकही प्रशिक्षणात नको.