वाचकांचे प्रश्न : मूल वाट चुकण्याआधी

प्रश्न : मी सातवीची वर्गशिक्षिका आहे. माझ्या वर्गातील एक मुलगा काही महिन्यांपासून आठवड्यातून दोन-तीन दिवस गैरहजर असतो. वर्गातील किरकोळ वस्तू नाहीशा होत होत्याच. परवा त्याच्या दप्तरात दुसऱ्या मुलाचा मोबाइल सापडला. त्याला शाळेतून काढावे, अशी काही पालकांची मागणी आहे, तर काही सहकाऱ्यांना पोलिसांत कळवावेसे वाटते. घरी आई एकटीच कमावती असून ती रात्रपाळी करते. अशा वेळी मदतीचा हात देणे म्हणजे चोरीला पाठीशी घालणे होईल का? आणि मदत करायचीच, तर ती एकट्या शाळेला झेपेल का?

उत्तर : आपल्या पत्रातील मला सर्वांत गंभीर वाटलेली नोंद गैरहजेरीची आहे. मोबाइल सापडल्यामुळे सर्वांचे लक्ष चोरीकडे गेले. परंतु शाळा बुडवलेल्या दिवशी हा मुलगा कोठे असतो आणि कोणाच्या संगतीत असतो, हे सांगू शकेल असे एकही मोठे माणूस आज त्याच्या आयुष्यात दिसत नाही. त्याच्या हातात दाखला दिला, तर आठवड्यातील हे दोन-तीन मोकळे दिवस सहा होतील, एवढाच त्या निर्णयाचा हमखास परिणाम आहे.

मदत आणि जाब या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. त्याने मोबाइल स्वतःच्या हाताने परत करावा, ज्याचा तो होता त्याच्यासमोर चूक कबूल करावी आणि काही मोडतोड झाली असेल, तर आपल्याला जमेल तशी भरपाई करावी. हे सर्व वर्गासमोर न करता चार भिंतींच्या आत व्हावे.

एकट्या शाळेला हे झेपणार नाही, हा आपला अंदाज योग्य आहे. सुरुवात आईपासून करावी आणि तिला भेटीची वेळ देताना तिची रात्रपाळी व झोप यांचा विचार करावा; सकाळी अकराच्या भेटीला आली नाही म्हणून ‘पालक बेफिकीर आहेत’ असा शेरा मारणे सोपे असते. त्यानंतर मुलाचे वाचन, दृष्टी आणि श्रवण यांची तपासणी करून घ्यावी. सातवीपर्यंत पोहोचूनही सलग परिच्छेद वाचता न येणारी मुले आपल्याला वाटते त्याहून अधिक असतात, आणि रोज सर्वांसमोर फजिती होण्यापेक्षा वर्गाबाहेर राहणे त्यांना बरे वाटते. तो गैरहजर असेल, तर त्याच दिवशी घरी विचारणा व्हावी. संध्याकाळच्या वेळेसाठी एखादा नातेवाईक, ग्रंथपाल किंवा मैदानावरील प्रशिक्षक यांपैकी मुलाला स्वतःला आवडणारी एखादी व्यक्ती शोधावी. समुपदेशक, आरोग्यसेवक आणि लहान मुलांची प्रकरणे हाताळणारा पोलीस अधिकारी यांची गरज पडेल तेव्हा मदत घ्यावी. मात्र या सर्वांचा दुवा म्हणून एकाच व्यक्तीने काम पाहावे. तसे झाले नाही, तर पाच जण पाच सल्ले घेऊन दारात येतात, त्या माउलीला आपली तीच कहाणी पाच वेळा सांगावी लागते आणि सहाव्या वेळी ती दार उघडत नाही. सहकार्याच्या नावाखाली असा छळ झालेला मी पाहिला आहे.

लवकर दिलेल्या आधाराचा परिणाम किती दूरवर पोहोचतो, याचे एक उदाहरण नोंदवण्यासारखे आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात 1962 मध्ये सुरू झालेल्या पेरी प्रीस्कूल प्रकल्पात गरीब कुटुंबांतील 123 बालकांचा अभ्यास झाला. त्यांपैकी 58 बालकांना तीन-चार वर्षांच्या वयात चांगली बालशाळा मिळाली आणि शिक्षिका दर आठवड्याला त्यांच्या घरी जात असत. चाळिशीपर्यंत पाच किंवा अधिक वेळा अटक झालेल्यांचे प्रमाण या गटात 36 टक्के, तर उरलेल्यांत 55 टक्के होते. आकडे चमत्काराचे नाहीत, आणि अभ्यासही लहान आहे. परंतु त्या बालशाळेत गुन्हेगारीविषयी कोणी अवाक्षरही काढले नव्हते, हे मला विशेष वाटते. बारा वर्षांचा मुलगा काही चार वर्षांचा नव्हे, तरीही आठवड्याला घरी जाणारी शिक्षिका त्यालाही उपयोगी पडू शकते.

प्रश्न : आमच्या वस्तीतील काही जाणत्या मंडळींनी समिती स्थापन केली आहे. वाया जाण्याच्या मार्गावर असलेल्या मुलांची यादी करावी, त्यांना एकत्र आणून दर रविवारी संस्कारवर्ग घ्यावा आणि एकदा तुरुंग दाखवून आणावा, असे ठरत आहे. आपले मत काय?

उत्तर : आपला हेतू चांगला आहे, परंतु या तिन्ही कल्पना सोडून द्याव्यात, असे मी स्पष्टपणे सुचवतो.

तुरुंग दाखवून धाक बसवण्याचा प्रयोग अमेरिकेत अनेक ठिकाणी झाला. अशा नऊ नियंत्रित चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला असता, तुरुंग पाहून आलेली मुले न गेलेल्या मुलांपेक्षा अधिक प्रमाणात गुन्ह्यांकडे वळल्याचे आढळले.

मुलांना एकत्र आणण्याबाबतचा धडा अधिक कडू आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये 1939 मध्ये 506 मुलांना घेऊन एक मोठा उपक्रम सुरू झाला. निम्म्या मुलांना सरासरी पाच वर्षे घरभेटी, शिकवणी आणि उन्हाळी शिबिरे असा आधार मिळाला. गुन्हेगारीच्या अभ्यासक जोन मॅककॉर्ड यांनी सुमारे तीस वर्षांनंतर त्यांचा माग काढला, तेव्हा अनेक बाबतींत आधार मिळालेलेच अधिक वाईट स्थितीत होते. पुढील विश्लेषणात असे दिसले की, हा तोटा प्रामुख्याने एकाहून अधिक वेळा शिबिराला पाठवलेल्या मुलांत होता. खोड्यांच्या बढाया ऐकून हसणारे दहा सोबती एका खोलीत बसवले, तर समोरच्या वक्त्यापेक्षा त्या हसण्याचा प्रभाव अधिक पडतो. म्हणून क्रीडासंघ, अभ्यासिका किंवा हस्तकौशल्याचा वर्ग सर्वच मुलांसाठी उघडा आणि ज्यांची काळजी वाटते त्यांना त्यात विखरून सामावून घ्या.

राहिली यादी. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 1990 मध्ये स्वीकारलेल्या, बालगुन्हेगारी रोखण्याविषयीच्या रियाध मार्गदर्शक तत्त्वांत असे बजावले आहे की, एखाद्या मुलावर ‘गुन्हेगार’ किंवा ‘गुन्हेगारीकडे झुकलेला’ असा शिक्का मारल्याने पुष्कळदा तेच वर्तन पक्के होते. आपल्या समितीला माहितीची गरज असेल, तर नावे न घेताही ती मिळते. वेल्समधील कार्डिफ येथे रुग्णालय मारहाणीतील जखमींना घटना कोठे, केव्हा आणि कशाने घडली एवढे विचारून, त्यांची ओळख वगळून ही माहिती पोलीस व नगर प्रशासनाला देत असे. तेथील गंभीर मारहाणीच्या घटना त्यानंतर कमी झाल्या. कोणत्या कोपऱ्यावर दिवे नाहीत आणि शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंत मुलांना जायला जागा कोणती, हे दोन प्रश्न समितीने पहिल्याच बैठकीत घ्यावेत आणि त्या बैठकीला चार-पाच तरुणांनाही बोलवावे.

प्रश्न : माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने मित्रांसोबत एका बंद इमारतीच्या काचा फोडल्या. यापूर्वी त्याची कधीही तक्रार आली नव्हती. तो हाताबाहेर गेला, असे समजावे का?

उत्तर : तसे समजू नये. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी 1993 मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार, किशोरवयातच सुरू होणारे आणि प्रौढपण आल्यावर थांबणारे गैरवर्तन हा फार मोठा गट असतो. लहानपणापासून सातत्याने चालत आलेले वर्तन असलेली मुले तुलनेने थोडी असतात. आपण त्याच्यासोबत जाऊन इमारतीच्या मालकाला भेटावे, काचांचा खर्च त्याने कसा फेडायचा हे तिघांनी मिळून ठरवावे आणि त्या मित्रांच्या पालकांनाही एकदा घरी बोलवावे. बहुधा तेही आपल्यासारखेच काळजीने जागे असतील.