म्युनिकला मुलाला मूळ कागदपत्रं पाठवायची आहेत, ८ जानेवारीच्या आत हवीत. तो तिथे दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू आहे. पाकिटावर पत्ता कसा लिहू? तिथल्या सुट्ट्यांमुळे अडेल का?

मुलगा दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी त्याबद्दलच सांगते. जर्मनीतल्या इमारतींमध्ये फ्लॅटला सहसा नंबर नसतो. पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. पेटीवर मूळ भाडेकरूचं नाव आणि पाकिटावर फक्त मुलाचं असेल, तर रस्ता, घर, शहर सगळं बरोबर असूनही टपाल परत फिरतं. माझ्या भाचीला पाठवलेलं पाकीट असंच दोन महिन्यांनी माझ्या दारात आलं, आणि तोवर तिची अर्जाची मुदत संपून गेली होती. त्यामुळे मुलाच्या नावाखाली 'केअर ऑफ' लिहून पेटीवरचं नाव घाला. पेटीचा फोटोच मागवा. फोनवर ऐकलेल्या जर्मन आडनावाचं स्पेलिंग हमखास चुकतं.

त्याखाली रस्त्याचं नाव आणि मग घर क्रमांक. आपल्या सवयीच्या उलट. पुढच्या ओळीत आधी पाच आकडी पिनकोड, मग शहर. सगळ्यात शेवटी देशाचं नाव, एकट्याच्या ओळीत, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. ही ओळ इथल्या टपाल खात्यासाठी असते; बाकीचा पत्ता तिथला माणूस किंवा तिथलं यंत्र वाचतं, म्हणून तो तिथल्या पद्धतीनेच हवा. आकडे शक्यतो छापील असू द्या. जर्मन माणूस १ लिहिताना वर लांब तिरकी रेघ काढतो आणि ७ ला मधे आडवी रेघ देतो, त्यामुळे आपल्या हातचा ७ तिथे १ वाचला जाऊ शकतो. पाठवणाऱ्याचा पत्ता वर डाव्या कोपऱ्यात, लहान अक्षरांत.

आता सुट्ट्या. २५ आणि २६ डिसेंबर, १ जानेवारी या देशभर असतात. तुमची खरी अडचण ६ जानेवारीची आहे. ही सुट्टी फक्त तीन राज्यांत असते: बव्हेरिया, बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि सॅक्सनी-अनहाल्ट. म्युनिक बव्हेरियात येतं. जर्मनीची म्हणून जी यादी मिळते, तिच्यात हा दिवस नसू शकतो; राज्याची यादी बघायची. (ऑग्सबुर्ग शहराला तर ८ ऑगस्टची स्वतःपुरती सुट्टी आहे!) शिवाय रविवारी पत्रवाटप नसतं, आणि नाताळाआधी टपालाचा ढीग साचलेला असतो.

सहीचं रजिस्टर्ड टपाल करणार असाल तर मुलगा त्या दिवसांत घरी आहे ना, हे विचारा. कोणी नसलं तर चिठ्ठी टाकून पाकीट पोस्टाच्या शाखेत ठेवतात, तेही ठरावीक दिवसच. पाकिटात भेटवस्तू अजिबात घालू नका, कारण वस्तू आली की कस्टम्सचा फॉर्म आणि तपासणी आलीच. मी तुमच्या जागी असते तर नोव्हेंबरातच पाठवलं असतं.