शरद म्हणजे पानगळ नव्हे

एका पालकांचा प्रश्न असा आहे: दुसरीतल्या त्यांच्या मुलीला वर्गात ‘ऑटम’ या विषयावर चित्रे दाखवत चार-पाच वाक्ये बोलायची आहेत. त्यासाठी त्यांनी ‘शरद ऋतूत झाडांची पाने पिवळी-तांबडी होऊन गळतात’ असे पहिले वाक्य तयार केले. त्यावर मुलीच्या आजीने ‘पाने शिशिरात गळतात, शरदात नव्हे’ अशी हरकत घेतली. तेव्हा शरद, शिशिर आणि पानगळ यांपैकी कोणता शब्द घ्यावा, आणि ‘शरद’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘गळणे’ असा आहे हे खरे काय?

आजीचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते इतक्या थोड्या लोकांच्या लक्षात येते याचे मला वाईट वाटते. ‘शरद ऋतूतील पानगळ’ हा शब्दप्रयोग अनुवादित गोष्टींत, मुलांच्या चित्रपुस्तकांत आणि वर्गातल्या तक्त्यांवर मी सतत वाचत आलो आहे. शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक. संस्कृत कवींनी या ऋतूला दिलेली लक्षणे ठरलेली आहेत: निरभ्र आकाश, निवळलेले पाणी, पांढरीशुभ्र काशफुले, परतलेले हंस आणि पिकून वाकलेली भाताची लोंबे. कालिदासाने ‘ऋतुसंहारा’च्या तिसऱ्या सर्गात शरदाचे वर्णन आरंभले आहे तेही काशफुलांचे वस्त्र ल्यालेल्या नववधूच्या रूपात. पाने गळण्याचा काळ म्हणजे माघ-फाल्गुन, अर्थात शिशिर. इंग्रजी-मराठी कोशकारांनी ‘ऑटम’समोर ‘शरद’ लिहिले ते बहुधा महिने जुळतात म्हणून; त्या महिन्यांत त्या त्या ठिकाणी झाडांचे काय होते याचा विचार त्यात दिसत नाही.

‘शरद’चा मूळ अर्थ ‘गळणे’ आहे हा समज मात्र कोशकारांचा नसून व्युत्पत्ती सांगणाऱ्यांचा आहे, आणि तो खोडून काढणे मला अधिक गरजेचे वाटते. ‘शॄ’ हा धातू मोडणे, चुरणे या अर्थाचा आहे. ‘जीर्णशीर्ण’मधला ‘शीर्ण’ त्यातूनच आला, आणि उणादिसूत्रे (धातूंपासून शब्द साधणारी संस्कृत व्याकरणाची सूत्रे) ‘शरद्’ हा शब्दही याच धातूपासून साधतात. एवढ्या आधारावर ‘ज्या ऋतूत पाने शीर्ण होऊन गळतात तो शरद’ असे स्पष्टीकरण देणाऱ्यांनी वैदिक शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणारा यास्काचा प्राचीन ग्रंथ ‘निरुक्त’ उघडून पाहिले असते, तर त्यांना वेगळेच काही आढळले असते. यास्क शरदाच्या दोन व्युत्पत्ती देतो: या ऋतूत ओषधी ‘शृत’ म्हणजे पक्व होतात, किंवा या ऋतूत पाणी ‘शीर्ण’ होते, म्हणजे ओसरते. पिके पिकतात आणि पाणी ओसरते, असे तो म्हणतो. पानांचा त्यात उल्लेखही नाही. उलट ‘शिशिर’ या शब्दाची व्युत्पत्ती सांगताना यास्क ‘शॄ’ धातू पुढे करतो. म्हणजे शीर्ण होण्याशी नाते जोडायचेच असेल तर ते शिशिराशी जोडण्याला यास्काचा आधार आहे.

तरीही यास्काची दोन्ही स्पष्टीकरणे ध्वनिसाम्यावर उभी आहेत, आणि या शब्दाचे खरे वैभव मला त्यांत दिसत नाही. ते दिसते ‘साल’ या शब्दात. होय, ‘गेल्या साली’, ‘दरसाल’, ‘सालाबादप्रमाणे’ यांतले साल, वर्ष या अर्थाचे. (झाडाची साल ही वेगळी; ती स्त्रीलिंगी आहे आणि तिचा येथे संबंध नाही.) ‘शरद’ आणि ‘साल’ हे एकाच मूळ शब्दाचे दोन वंशज आहेत. वेदांत ‘शरद्’ हा शब्द ऋतूइतकाच वर्षासाठीही येतो. ‘पश्येम शरदः शतं, जीवेम शरदः शतम्’ ही ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील प्रार्थना शंभर वर्षे पाहण्याची आणि जगण्याची आहे. ज्याने शंभर शरद पाहिले त्याने शंभर वर्षे पाहिली, इतका हा हिशेब सरळ होता. संस्कृतशी नाते असलेल्या इराणी भाषांच्या शाखेत ऋतूचा अर्थ मागे पडला आणि वर्षाचा तेवढा उरला: अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथाच्या भाषेत, ‘सरद्’ म्हणजे वर्ष, तर प्राचीन फारसीत ‘थर्द’. इ. स. पू. 520 च्या सुमारास इराणच्या दारयवहु (डरायस) राजाने तेथील बेहिस्तूनच्या कड्यावर कोरविलेल्या लेखात, आपण हे सारे एकाच वर्षात केले असे सांगताना हाच ‘थर्द’ शब्द वापरला आहे. पुढे फारसीत ‘र्द’ या जोडाचा ‘ल’ झाला आणि ‘थर्द’च्या कुळातून ‘साल’ निघाला. हा बदल एकट्या शब्दापुरता नाही. संस्कृत ‘हृद्’ला अवेस्तेत ‘झरद्’ हा प्रतिशब्द आहे आणि फारसीत त्याचा ‘दिल’ झाला. ‘हृद्’ आणि ‘दिल’ यांचे जे नाते, तेच ‘शरद्’ आणि ‘साल’ यांचे. शतकानुशतके ताटातूट झालेला हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत परत आला, आणि आज आपण ‘शरद’ व ‘साल’ एकाच वाक्यात बोलतो तेव्हा दोघांनाही आपली ओळख पटत नाही!

म्हणून ‘साल’ हा परका शब्द टाकून ‘वर्ष’ लिहा, असा आग्रह धरणाऱ्या भाषाशुद्धीच्या कैवाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही. ‘साल’ उसना आला हे खरे, पण तो आपल्याच कुळातला आहे. शिवाय ज्याला ते शुद्ध मानतात तो ‘वर्ष’ हा शब्दही पावसावरून वर्षाला मिळालेले नाव आहे. वर्ष मोजण्यासाठी आपल्या पूर्वजांनी जवळजवळ प्रत्येक ऋतू वापरला: शरदावरून ‘शरद्’, पावसावरून ‘वर्ष’, थंडीवरून ‘हिमा’, ‘शतं हिमाः’ म्हणजे शंभर हिवाळे, असेही ऋग्वेदात आहे. ईशोपनिषदातील ‘शतं समाः’मधला ‘समा’ हा वर्षवाचक शब्द तर इंग्रजी ‘समर’चा नातलग आहे.

आता शरदाचा मूळ अर्थ काय, याविषयी माझे मत मांडतो. काही भाषाशास्त्रज्ञ या शब्दाची तुलना लॅटिनमधील ‘कालेरे’ आणि लिथुआनियनमधील ‘शिल्ती’ या तापणे, ऊब धरणे अशा अर्थाच्या क्रियापदांशी करतात. सर्वांना ती मान्य नाही. मला ती मनापासून पटते, आणि त्याचे कारण कॉकेशस पर्वतात आहे. तेथील ओसेतियन ही इराणी कुळातील भाषा. तिच्यात याच शब्दाचा वंशज ‘सर्द’ टिकून आहे आणि त्याचा अर्थ चक्क ‘उन्हाळा’ असा आहे. पाऊस सरल्यावर तापणारे आणि दाणा पिकवणारे ऊन, हाच शरदाचा गाभा असावा. यास्काचे ‘शृत’ ध्वनीच्या दृष्टीने टिकले नाही तरी अर्थाच्या दृष्टीने ते नेमके याच जागी येऊन पोहोचते, असे मी मानतो. (फारसीतून आलेला आपला ‘सर्द’, ज्यावरून ‘सर्दी’ झाली, तो अर्थातच वेगळा, त्याची तुलना ‘शिशिरा’शी केली जाते.) जर्मनमध्ये या ऋतूला ‘हेर्ब्स्ट’ म्हणतात आणि तो शब्द इंग्रजी ‘हार्वेस्ट’चा, म्हणजे कापणीचा, भाऊ आहे. इंग्रजीतही पूर्वी ‘हार्वेस्ट’ हेच या ऋतूचे नाव होते. पानांवरून पडलेले ‘फॉल’ हे नाव त्यामानाने नवे आहे.

मुलीच्या सादरीकरणासाठी ‘पानगळ’ हा शब्द घ्यावा. तो स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘पानगळ सुरू झाली’ असे म्हणावे आणि ऋतूला ‘पानगळीचा ऋतू’ म्हणावे. ‘पानझड’ही चालेल, परंतु लहान मुलीच्या तोंडी ‘गळणे’ अधिक सहज बसते. पाने का गळतात हे तिला सांगायचे असेल तर ते तिच्या शब्दांत सांगता येते: थंड देशांत दिवस लहान होऊ लागले की पानातले हिरवे द्रव्य विरते आणि आधीपासून तेथेच असलेला पिवळा रंग दिसू लागतो, मग देठाच्या मुळाशी एक थर तयार होतो आणि पान सुटते. काही झाडे तांबडा रंग मात्र त्या दिवसांत नव्याने तयार करतात. पृथ्वीच्या उत्तर भागातल्या थंड देशांत हे सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये घडते आणि दक्षिण भागातल्या थंड देशांत मार्च ते मे या महिन्यांत, हे एक वाक्य तिने अवश्य म्हणावे. ‘ऑटम’साठी एकच भारतीय ऋतू नेमून देणे का चुकते, हे त्यावरून वर्गाला आपोआप कळेल. ‘शरद’ हा शब्द तिला वापरायचाच असेल तर पिकलेल्या शेताचे किंवा निरभ्र आकाशाचे चित्र दाखवून वापरावा. तक्त्यावर लिहिताना ‘ऋतू’ हा शब्द सुटा असेल तेव्हा त्यातला ‘तू’ दीर्घ लिहावा, आणि ‘ऋतुचक्र’ अशा सामासिक शब्दात तो ऱ्हस्व लिहावा.